कुणाबरोबर जेवलीस?

जून महिना आला की ओळखीपाळखीत कुणाकडून तरी पेढे येतात. 'धाकटीला एमबीएला ॲडमिशन मिळाली हो!' मग सुरू होते धावपळ. बँकेचं कर्ज, मोठी ट्रॉली बॅग, दोन फॉर्मल शर्ट, इंटरव्ह्यूसाठी एक काळा कोट आणि आईनं हट्टानं बॅगेत कोंबलेला चिवड्याचा डबा. दीड-पावणेदोन वर्षांनी याच मुलांविषयी वर्तमानपत्रात एक चौकट छापून येते. अमुक संस्थेत सर्वाधिक पॅकेज इतकं, सरासरी इतकं. आपण ती चौकट वाचतो, मनातल्या मनात त्या आकड्याला बारानं भागून पाहतो आणि पान उलटतो.

या पेढ्यांच्या आणि त्या चौकटीच्या मधे दोन वर्षं असतात. त्या दोन वर्षांत आपली मुलं कशी राहतात, कुणाशी बोलतात, कशावर हसतात, रात्री दोन वाजता काय करतात, याची बातमी मात्र कधीच छापून येत नाही. आणि मैत्रिणींनो, मला तर वाटतं, खरी बातमी तीच आहे!

मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. ताळेबंद म्हटलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण या 'बिझनेस स्कूल' नावाच्या जगाशी माझा दोन बाजूंनी संबंध आला. एक म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं अहमदाबादच्या आयआयएममध्ये होती. आणि दुसरं म्हणजे, पुण्यातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करणाऱ्या ज्या संस्थेत मी गेली पंधरा वर्षं जाते, तिथे दर वर्षी मॅनेजमेंटचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी येतात. चार-सहा आठवडे आमच्यातच असतात. आमच्याबरोबर वस्तीत हिंडतात, वडापाव खातात. हळूहळू बोलायला लागतात. या मुलांकडून जे ऐकलं, जे पाहिलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी त्यांचा दिवस कसा असतो ते बघू. अहमदाबादची संस्था १९६१ सालची. विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई अशा मंडळींच्या पुढाकारानं आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यानं ती उभी राहिली. सुरुवातीच्या जडणघडणीत कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता. संस्थेतल्या पहिल्या प्राध्यापक त्याच. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं! हार्वर्डकडून इथे आली ती 'केस'ची पद्धत. केस म्हणजे एखाद्या कंपनीवर आलेल्या पेचप्रसंगाची पंधरा-वीस पानी हकिगत. अशा दोन-तीन केसेस रोज रात्री वाचायच्या, गटात बसून त्यावर काथ्याकूट करायचा आणि सकाळी वर्गात बोलायचं. न बोलून चालत नाही, कारण बोलण्याला मार्क असतात! मुलं त्याला 'सीपी' म्हणतात, म्हणजे क्लास पार्टिसिपेशन. शिवाय न सांगता येणाऱ्या परीक्षा, असाइनमेंट, त्यात उन्हाळ्यातल्या नोकरीसाठीचे इंटरव्ह्यू. पहिल्या वर्षात चार-पाच तासांपलीकडे झोप मिळाली तर तो सण!

यात भर म्हणजे बऱ्याच संस्थांमध्ये मार्क देण्याची पद्धत तुलनेवर चालते. तुम्हाला किती आलं यापेक्षा इतरांच्या मानानं किती आलं, हे महत्त्वाचं. म्हणजे शेजारचा घसरला की आपण आपोआप वर! या 'रिलेटिव्ह ग्रेडिंग'वरून मुलांनी एक शब्दच काढलाय, 'आरजी'. कुणी नोट्स लपवल्या, मुद्दाम अर्धवट माहिती दिली, की 'त्यानं आरजी दिला' म्हणायचं. मला पहिल्यांदा हा शब्द कळला तेव्हा वाटलं, ज्यांच्याबरोबर चोवीस तास राहायचं त्यांच्याशीच चोवीस तास स्पर्धा करायची. ही मुलं टिकतात तरी कशी?

याचं उत्तर मला वर्गात नाही, वर्गाबाहेर मिळालं.

२०१८ च्या डिसेंबरात मी आणि माझी बहीण भाचीला भेटायला अहमदाबादला गेलो होतो. लाल विटांच्या त्या उघड्यावाघड्या भिंती, त्यातल्या मोठ्या गोल कमानी! पहिल्यांदा पाहणाऱ्याला किल्ल्यात आल्यासारखं वाटतं. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी हा परिसर आखला. त्यांना इथे आणण्यात बाळकृष्ण दोशी यांचा मोठा हात होता. हे दोशी मूळचे आपल्या पुण्यात जन्मलेले बरं का! कान साहेबांनी वसतिगृहं बांधताना एक फार शहाणपणाची गोष्ट केली. नेहमीच्या हॉस्टेलसारखी लांबलचक कॉरिडॉर आणि दोन्हीकडे बंद दारं, असं त्यांनी केलंच नाही. दहा-दहा खोल्यांचा गट केला आणि तो जिना आणि चहाची खोली यांच्याभोवती गुंफला. म्हणजे खोलीतून बाहेर पडलं की कुणीतरी भेटणारच! शिकणं नुसतं वर्गात होत नाही, येता-जाता, चहा पिता-पिता होतं, हे त्यांनी विटांमध्येच बांधून ठेवलं. आपल्याकडच्या वाड्यातला चौक आठवा. पाणी भरायला, धुणं वाळत घालायला बाहेर आलं की चार जणी भेटायच्याच. तसंच हे.

या इमारतींवर मुलांचं किती प्रेम आहे ते पुढे सगळ्यांना दिसलं. २०२० च्या डिसेंबरात संस्थेनं अठरापैकी चौदा जुनी वसतिगृहं पाडून नवी बांधायचं जाहीर केलं, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आणि देशविदेशातल्या वास्तुविशारदांनी एवढा आवाज उठवला की जानेवारी २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. इमारती खरोखरच थकल्या आहेत, त्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यानंतरही पुन्हा वर आलाच. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वर्गात काय शिकवलं हे विसरलेली, साठीला टेकलेली माणसं आपल्या हॉस्टेलच्या जिन्यासाठी कळवळून लिहीत होती!

माझ्या भाचीला तिथे जगवलं ते गाण्यानं. ती लहानपणी गाणं शिकायची. दहावीत क्लास बंद झाला. का? तुम्हाला माहीतच आहे! दहावी, मग बारावी, मग इंजिनिअरिंग. हार्मोनियम माळ्यावर गेली. अहमदाबादला पहिल्या टर्मला ती पार मेटाकुटीला आली होती. एके रात्री असाइनमेंट संपवून खोलीकडे जाताना कुणीतरी व्हायोलिन वाजवत असल्याचं तिला ऐकू आलं. आवाजाच्या मागे गेली तर तिच्याच सेक्शनमधली तमीळ मुलगी! वर्गात जिच्याशी तीन महिन्यांत चार वाक्यं बोलणं झालं नव्हतं, तिच्याशी पहाटेपर्यंत गप्पा झाल्या. आपला भूप आणि त्यांचं मोहनम कसं एकच, यावर! मग त्यांना गिटारवाला आसामी मुलगा मिळाला, ढोलकीवाला एक पंजाबी मिळाला. आठवड्यातून दोनदा, रात्री साडेबारा ते दीड, त्यांची बैठक. तो तास झोपेतून कापलेला.

'अगं, आधीच झोप नाही, त्यात हे कशाला?' असं माझ्या बहिणीनं तिला माझ्यासमोरच विचारलं. भाची म्हणाली, 'आई, दिवसभर मी नंबर असते. रोल नंबर, रँक, सीजीपीए. तो एक तास मी नंबर नसते.'

आम्ही दोघी गप्प बसलो.

अर्थात सगळेच छंद असे निर्मळ नसतात हेही तिनंच सांगितलं. बिझनेस स्कूलमध्ये प्रत्येक गोष्टीचा क्लब असतो. फायनान्सचा, मार्केटिंगचा तर असतोच, पण नाटकाचा, फोटोग्राफीचा, प्रश्नमंजूषेचा, ट्रेकिंगचासुद्धा. आणि गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी या क्लबमध्ये शिरायला फॉर्म भरावा लागतो, सीनिअर मुलं इंटरव्ह्यू घेतात! कारण क्लबची सेक्रेटरी झालात की बायोडेटात एक ओळ वाढते. त्याला यांच्या भाषेत 'पीओआर' म्हणतात, पोझिशन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी. 'मावशी, इथे छंदाचाही सीव्ही होतो,' भाची हसत म्हणाली होती. जी मुलं नुसती त्या ओळीसाठी क्लबात जातात, त्यांना ओळ मिळते. माणसं मिळतातच असं नाही.

मग ज्यांच्याकडे असे 'दाखवण्याजोगे' छंदच नसतात, त्यांचं काय?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या संस्थेत प्रोजेक्टला आलेल्या एका मुलीमुळे. तिचं, तिच्या गावाचं आणि तिच्या संस्थेचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते. स्वतःच्या हिमतीवर इंजिनिअर झाली, दोन वर्षं नोकरी केली, परीक्षा दिली आणि एका चांगल्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. कर्ज अठरा लाखांचं. जामीन वडील.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना गोल बसवून ओळख करून द्यायला सांगितलं. नाव, गाव, आधीची नोकरी आणि छंद. कुणी म्हणालं स्कूबा डायव्हिंग. कुणी पियानोच्या परदेशी परीक्षा दिलेल्या. कुणी युरोपात एकटं फिरून आलेलं. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, 'रीडिंग.' 'ताई, माझ्याआधी आठ जणांनी रीडिंगच सांगितलं होतं,' ती मला म्हणाली, 'पण त्यांनी पुढे पुस्तकांची नावं सांगितली.'

मेसमध्ये तर रोजचीच परीक्षा. टेबलावर बोलणं चालायचं ते हिनं न पाहिलेल्या इंग्रजी मालिकांचं, हिनं न खाल्लेल्या पदार्थांचं. कुणी तिला हिडीसफिडीस केलं नाही, मुद्दाम टाळलंही नाही. नुसतं त्या गप्पांमध्ये तिला पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा दिवसांत तिनं ताट घेऊन खोलीवर जायला सुरुवात केली. रोज घरी फोन व्हायचा. 'जेवलीस का?' 'जेवले.' खोटं नव्हतं ते! ऑक्टोबरात तिनं ऑफिसला मेल लिहून ठेवला होता. मध्येच सोडलं तर फी किती परत मिळेल, अशी चौकशी करणारा. लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता.

त्याच सुमारास कॅम्पसवर सेक्शन-सेक्शनच्या स्पर्धा होत्या. हिच्या सेक्शनमध्ये मुली कमी. बास्केटबॉलला कुणीतरी हवी म्हणून हिला ओढून नेलं. बॉल काही हिला जमेना, पण हिचं पळणं बघून सगळे बघतच राहिले. 'तू काय खेळायचीस गं?' 'खो-खो.' शाळेत असताना ती जिल्ह्याच्या संघात होती. हे तिनं त्या ओळखीच्या दिवशी सांगितलंच नव्हतं. कारण खो-खो हा छंद असतो, असं तिला वाटलंच नव्हतं!

'शिकव की मग आम्हाला!' कुणीतरी म्हणालं. आणि एका शनिवारी रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या मागच्या मैदानावर खो-खो सुरू झाला. खुंट नव्हते, म्हणून दोन्ही टोकांना दोन उंच मुलं उभी केली. चुन्याऐवजी चपला मांडून पाट्या आखल्या. ज्यांनी जन्मात खो-खो पाहिला नव्हता ती दिल्लीची, कोलकात्याची, कोचीची मुलं उकिडवी बसून 'खो' ओरडायला शिकली. पुढच्या शनिवारी दुप्पट मुलं. मग तो दर शनिवारचा नेमच झाला.

'ताई, खो-खोत एक नियम आहे,' ती मला समजावून सांगत होती, 'पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही. समोरचा पलीकडे गेला, की त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला खो द्यावाच लागतो. एकट्यानं कितीही पळालं तरी भागत नाही. हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, आणि सांगता सांगता माझं मलाच हसू आलं.'

आता खो-खोमुळे तिचं इंग्रजी एका रात्रीत सुधारलं का? नाही. मार्क वाढले का? थोडे, तेही तिनं मान मोडून अभ्यास केला म्हणून. पण सोमवारी मेसमध्ये शिरल्यावर चार टेबलांवरून हाका यायला लागल्या. ताट खोलीवर न्यायचं आपोआप बंद झालं. जेवताना गप्पांत एकदा घरचा विषय निघाला. आईच्या बचत गटाची वही ही बारा वर्षांची असल्यापासून लिहायची. कुणाचा हप्ता का थकतो, थकलेला हप्ता न भांडता कसा वसूल करायचा, हे तिला तोंडपाठ. पुस्तकात मायक्रोफायनान्स वाचणारी मुलं कान देऊन ऐकत राहिली. त्यातलीच तिघं तिच्याबरोबर आमच्या संस्थेत प्रोजेक्टला आली. त्या चौघांनी मिळून आमच्या बत्तीस गटांचे हिशेब एका पद्धतीत बसवून दिले. ती वही आम्ही आजही वापरतो. आणि हो, आमच्या वस्तीतल्या पोरींनाही त्या उन्हाळ्यात खो-खो शिकायला मिळाला!

तो न पाठवलेला मेल? 'ड्राफ्टमध्ये आहे अजून,' ती म्हणाली, 'मुद्दाम ठेवलाय.'

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा मला सगळ्यात आधी आठवली ती हीच मुलगी. आता तो खेळ ओळखीच्या गोलात सांगायला कुणाला लाज वाटणार नाही. पण मैत्रिणींनो, विश्वचषकाची वाट बघेपर्यंत आपल्या घरातल्या किती मुली आपले खेळ, आपली गाणी, आपल्या ओव्या, आपल्या रांगोळ्या 'यात काय सांगायचं' म्हणून गिळून बसल्या असतील?

आवड ही पैशाची गोष्टही असते. स्कूबा डायव्हिंगला पैसे लागतात, पियानोला लागतात. गरीब घरात मूल जे करतं त्याला आपण 'मदत' म्हणतो, 'खेळ' म्हणतो, फार तर 'खटपट' म्हणतो. छंद म्हणत नाही. म्हणूनच चांगल्या संस्था आपल्या मुलांना एकत्र आणायला अशी कामं काढतात, जिथे पियानोवाला आणि खो-खोवाली एकाच रांगेत उभे राहतील. मुंबईत अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेत 'अभ्युदय' नावाचा उपक्रम आहे. मॅनेजमेंटचा प्रत्येक विद्यार्थी गरीब वस्तीतल्या एका शाळकरी मुलाचा मोठा भाऊ किंवा ताई होतो, त्याच्या घरी जातो. अहमदाबादच्या आयआयएमचे विद्यार्थी 'प्रयास'मध्ये आसपासच्या गरीब मुलांना शिकवतात. माझी भाचीही तिथे दर आठवड्याला इंग्रजी शिकवायला जायची.

पवईजवळच्या 'नीटी'ची 'मंडी' तर मुंबईकरांनी पाहिली असेल. ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथल्या मुलांनी 'नवनिर्मिती' संस्थेची गणिताची शैक्षणिक खेळणी झोळीत घालून मुंबईच्या रस्त्यांवर, फुटपाथवर ओरडून ओरडून विकली. इस्त्रीचे शर्ट, एसी वर्ग यांची सवय झालेल्या मुलांना भर उन्हात लोक 'नको, नको' म्हणत हाकलतात, तेव्हा रस्त्यावरच्या विक्रेत्याचं दुःख कळतं. आणि एकमेकांचंही कळतं. उन्हात बरोबर उभं राहिलेल्याला मग परीक्षेत 'आरजी' देववत नाही!

या सगळ्याची किंमत सगळ्यात जास्त कळली ती करोनाच्या काळात. मार्च २०२० मध्ये कॅम्पस ओस पडले. पुढची तुकडी तर वर्गात न येताच भरती झाली. २०२१ मध्ये आमच्याकडे आलेल्या मुलांनी प्रोजेक्ट फोनवरूनच केला. पुढे एकदाची ती प्रत्यक्ष भेटायला आली, तेव्हा आमच्या ऑफिसच्या दारात एकमेकांकडे बघून हसत सुटली. वर्षभर एका वर्गात होती, पण कोण किती उंच आहे हे कुणालाच माहीत नव्हतं! लेक्चर झाली होती, परीक्षा झाल्या होत्या, मार्कही मिळाले होते. फक्त चहाची खोली नव्हती. 'आम्हाला डिग्री मिळतेय ताई, बॅच मिळाली नाही,' त्यातला एक मुलगा म्हणाला. साधंच वाक्य, पण माझ्या मनातून जात नाही.

बॅच म्हणजे काय, ते मुलींना तर पुढे फारच लागतं. बिझनेस स्कूलमध्ये मुलींची संख्या आता वाढते आहे. कोळिकोडच्या आयआयएममध्ये २०१३ च्या तुकडीत मुली निम्म्याहून जास्त होत्या, तेव्हा त्याची केवढी बातमी झाली होती! हार्वर्डमध्ये तर १९६३ साली पहिल्यांदा आठ मुलींना एमबीएच्या पहिल्या वर्षात थेट प्रवेश मिळाला होता. म्हणजे दार उघडलंय. पण दारातून आत गेलेली मुलगी मधेच बाहेर पडते, ती लग्नानंतर, बाळंतपणानंतर. माझ्या भाचीचंही तेच झालं. बाळ झालं, सासूबाईंचं आजारपण आलं, नोकरी सुटली. दीड वर्ष घरी होती. नोकरीसाठी अर्ज केले की पलीकडून 'गॅप का आहे?' हा प्रश्न. एवढी शिकलेली पोर, पण पार खचली होती.

तेव्हा फोन आला तो त्या व्हायोलिनवाल्या मैत्रिणीचा, बंगळुरूहून. बाळाच्या बारशापासून दर महिन्याला ती फोन करत होतीच. नोकरीविषयी नाही हो! कुठलं गाणं ऐकलंस, बाळाला काय म्हणून झोपवतेस, असलंच काहीबाही. त्या बोलण्यातून तिला सगळं माहीत होतं. तिच्या कंपनीत घरून करता येण्याजोगी जागा निघाली, आणि तिनं हिचं नाव पुढे केलं. इंटरव्ह्यू भाचीनं स्वतःच्या गुणांवर दिला, नोकरीही तशीच मिळवली. पण तिथपर्यंत हात धरून नेलं कुणी? ज्यांच्याबरोबर रात्र रात्र केसेस सोडवल्या तो अभ्यासाचा गट कधीच पांगला होता. रात्री साडेबाराचा गाण्याचा गट अजून एकत्र आहे.

आपल्या पिढीतल्या बायकांना हे नवं नाही. भिशी, भजनी मंडळ, मंगळागौरीचा ग्रुप यांना लोक हसतात. पण घरात दुखणंखुपणं आलं की पहिला डबा घेऊन येते ती भिशीतलीच. मॅनेजमेंटची मुलं याला 'नेटवर्क' म्हणतात. शब्द मोठा आहे, वस्तू तीच! फरक एवढाच, की नेटवर्क 'करायला' गेलं तर ते व्हिजिटिंग कार्डाच्या गठ्ठ्याएवढंच राहतं. आणि दोघींना एकच गोष्ट मनापासून आवडली, की ते आपसूक होतं.

म्हणून एक सांगावंसं वाटतं. तुमच्या घरी नववी-दहावीतली मुलगी असेल, तर तिचा गाण्याचा, खेळाचा, नाचाचा क्लास 'आता अभ्यासाचं वर्ष' म्हणून पुरता बंद करू नका. आठवड्यातून एक तास तरी राहू द्या. तो तास वाया जात नाही. तो दहा वर्षांनी, अनोळखी गावात, अनोळखी माणसांत तिच्या कामी येतो. आणि तुमच्या मुलीची आवड क्लास लावून आलेली नसेल, घरकामातून, अंगणातून, आजीकडून आली असेल, तर तिला एकदा स्पष्ट सांगा, 'बाळ, हासुद्धा छंदच आहे. खुशाल सांग चारचौघांत.'

दुसरं, आवडीनं सगळंच सुटतं असंही नाही. मुलगी किंवा मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, फोनवर रडत असेल, बोलायचंच बंद झालं असेल, तर 'अभ्यासाचं टेन्शन असेल' म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच संस्थांमध्ये समुपदेशक असतात. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइनही आहे, १४४१६ या क्रमांकावर. मराठीतूनही बोलता येतं. लागलंच तर सरळ गाडी पकडा आणि जाऊन या. कर्ज फेडता येतं.

आणि तिसरं अगदी साधं. या जून-जुलैत तुमचं मूल हॉस्टेलवर जाईल, तेव्हा तुम्ही रोज फोन करालच. 'जेवलीस का?' हे विचाराल, ते तर आपल्या जिभेवरच असतं. त्याला उत्तर 'हो' एवढंच येतं, आणि त्या 'हो'मागे काय आहे ते कळत नाही. म्हणून त्या प्रश्नात एकच शब्द वाढवा.

'कुणाबरोबर जेवलीस?'